पाय धुऊन घेणारा पेत्र

ख्रिस्ती श्रद्धेत सेवेचे स्थान कोणते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला पुन्हा पुन्हा योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रग्रंथांपैकी एकाच्या, तेराव्या अध्यायाकडे यावे लागते. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने भाकर मोडली आणि प्याला दिला, असे मत्तय, मार्क आणि लूक हे इतर तिन्ही शुभवर्तमानकार सांगतात. योहान मात्र त्याविषयी काहीच बोलत नाही. त्याच्या वृत्तांतात येशू भोजनावरून उठतो, अंगावरची वस्त्रे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि गुलामाकडे सोपवले जाणारे काम हाती घेऊन शिष्यांचे पाय धुऊ लागतो. येशूला शत्रूंच्या हाती देणारा शिष्य यहूदा तेव्हा अजून तेथेच होता, तो नंतर बाहेर पडला, हेही आपण ध्यानात ठेवावे.

या प्रसंगातून सेवेची शिकवण काढताना आपण एक पायरी नेहमी गाळतो, असे मला वाटते. "तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत" हे वाक्य चौदाव्या वचनात येते. त्याआधी पेत्र हा शिष्य पाय धुऊन घ्यायला नकार देतो. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला सहन होत नाही, आणि त्यावर येशूचे उत्तर कठोर आहे: मी तुला धुतले नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. म्हणजे सेवा करण्याची आज्ञा मिळण्याआधी शिष्याला आपले मळलेले पाय दुसऱ्याच्या हाती द्यावे लागतात. हे फार अवघड आहे. देणाऱ्याच्या जागी उभे राहणे आपल्याला आवडते, कारण तेथे मान शाबूत राहतो. घेणाऱ्याच्या जागी बसताना आपली गरज उघडी पडते.

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळते की आपल्या कृत्यांनी, हा जुना वाद मला याच क्रमाच्या उजेडात समजतो. बायबलमधील इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण कृपेने आहे, कृत्यांनी नाही, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि लगेच पुढच्याच वाक्यात आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत असेही म्हटले आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1520 साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्याविषयी लिहिताना हाच धागा धरला: विश्वासामुळे माणूस कोणाचाही दास नसतो, आणि प्रेमामुळे तो सर्वांचा दास असतो. स्वतःच्या तारणाची चिंता मिटलेली असल्यामुळे शेजाऱ्याकडे पाहायला तो मोकळा होतो. सेवेने पुण्य साठवायचे असेल, तर समोरचा दुःखी माणूस आपल्या हिशेबातले साधन बनून जातो, आणि त्याच्या दुःखाचा याहून मोठा अपमान मला दिसत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात, तुम्ही मला भुकेला असताना खायला दिले, असे न्यायाच्या वेळी ऐकून नीतिमान लोक म्हणूनच गोंधळतात. "प्रभू, आम्ही तुला केव्हा भुकेलेला पाहिले?" असे ते विचारतात, कारण त्यांनी काही मोजूनच ठेवलेले नव्हते.

नव्या करारातील, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातील, 'डायकोनिया' (सेवा) या ग्रीक शब्दाचाही येथे विचार करायला हवा. पंगतीत वाढणे, हा त्याचा नेहमीचा एक अर्थ. 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातील पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात दुजाभाव होतो अशी तक्रार येते आणि त्या कामासाठी सात जण निवडले जातात. तेथे अन्नवाटपाला आणि वचनाच्या सेवेला, म्हणजे प्रवचनाला, मुळात हाच एक शब्द वापरलेला आहे. प्रवचन वरचे आणि वाढप खालचे, ही उतरंड आपण नंतर रचली, आणि ती रचण्यात आपली मोठी चूक झाली, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत ही उतरंड नाही. आजारपण किंवा तसेच महत्त्वाचे काम नसेल, तर स्वयंपाकघरातील पाळीतून कोणीही सुटत नाही. आठवडा संपला की काम सोडणारा आणि काम घेणारा असे दोघेही सर्व बंधूंचे पाय धुतात. त्यात ज्यांनी आदल्या आठवड्यात वाढले तेही असतात आणि पुढे वाढणार आहेत तेही असतात. प्रत्येक जण कधी वाकतो, कधी पाय पुढे करून बसतो. भांडी स्वच्छ करून परत दिली जातात, आणि ती मोजून पुढच्या माणसाच्या हाती सोपवली जातात.