‘काय मस्त बारीक झालात!’

(पर्वतीच्या पायऱ्या, सकाळचे साडेसहा)

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढेपर्यंत ओळखीचं कुणीतरी भेटतंच. आणि ‘कशी आहेस’च्या आधी कानावर येतं, ‘अगं, किती वाळलीस!’ नाहीतर, ‘काय रे, सुटलास की!’

(मंगल कार्यालय, जेवणाची पंगत)

लग्नानंतर मुलगी जरा भरली, की ‘सासर मानवलं हो’. होस्टेलवरून आलेला भाचा रोडावलेला, त्याला मेसचं अंगी लागत नाही. ‘तब्येत सुधारली’ म्हणजे जाड झाला. माणूस खूश झाला, तरी त्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं. हे शब्द मायेचेच आहेत. दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती, तेव्हा भरलेलं अंग हीच खुशाली होती.

पण ‘तब्येत’ अशी नुसती बघून कळते का?

याच पुण्यात, केईएम रुग्णालयात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

(पुन्हा पर्वती)

दोन वर्षांपूर्वी इथेच मी शेजारच्या काकूंना म्हणाले, ‘काय मस्त बारीक झालात! आम्हालाही सांगा की!’ त्या हसल्या. मग पायरीवर टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘काहीच करत नाही गं. आपोआप उतरतंय.’ जो तो कौतुक करत होता, म्हणून चार महिने त्या डॉक्टरांकडे गेल्याच नव्हत्या. तपासल्यावर साखर निघाली, खूप वाढलेली. त्या कौतुकात माझाही वाटा होता, हे अजून टोचतं.

वजन थायरॉइडने उतरतं, क्षयाने उतरतं, मन खचल्यानेही उतरतं. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल होतो. आपल्या माणसाचं अंग असं अचानक बदलताना दिसलं, तर गप्प बसू नये. पण पंगतीत, चारचौघांत नको. बाजूला घेऊन विचारावं, ‘बरं वाटतंय ना?’

काकू आणि मी आजही एकत्र चढतो. अर्ध्या वाटेवर टेकतो. ‘कशा आहात?’ विचारून मी थांबते. कधी त्या गुडघ्याचं सांगतात, कधी नातवाच्या परीक्षेचं. कधी नुसत्याच खाली पसरलेल्या शहराकडे बघत बसतात.