एक सेकंद उरला असताना

श्रोतेहो, नमस्कार. उडालेल्या अग्निबाणांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. आज मी सांगणार आहे ती न उडालेल्या अग्निबाणाची.

तारीख होती २८ मार्च २००१. पाडवा होऊन दोनच दिवस झाले होते आणि दारावरच्या तोरणातील आंब्याची पाने अजून पुरती वाळली नव्हती. जीएसएलव्ही या उपग्रह वाहून नेणाऱ्या भारतीय अग्निबाणाचे पहिलेवहिले उड्डाण त्या दुपारी दूरदर्शन श्रीहरिकोटाहून थेट दाखवणार होते, म्हणून सातारा जिल्ह्यातील आमच्या घरी झाडून सगळे टीव्हीसमोर बसले होते. एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले आजोबा खुर्चीत होते, आजी साखरेची वाटी घेऊन जमिनीवर बसली होती आणि आम्ही मुले पडद्याच्या इतक्या जवळ होतो की काका सारखे मागे सरकायला सांगत होते. उलटी गणती संपत आली, बुडाशी ज्वाळा दिसल्या, धूर उसळला, आणि अग्निबाण जागेवरच उभा राहिला. आजीने जोडलेले हात तसेच राहिले. समालोचक मात्र बोलतच होता. अशा वेळी समालोचकाने गप्प बसावे, असे माझे मत आहे. ध्वनिक्षेपकासमोर बसून मी हे म्हणावे हे शोभत नाही, तरी म्हणतो.

आजी म्हणाली, "पाडव्याचा मुहूर्त सोडला, दुसरं काय!" काकांनी "फसलं" म्हणून टीव्ही बंद करायला हात पुढे केला. तेव्हा आजोबा म्हणाले, "फसलं कसं? ब्रेकला हवा धरत नव्हती, म्हणून गाडी डेपोतून काढली नाही. घाटात गेल्यावर कळलं असतं तर?"

आजोबांचे म्हणणे किती नेमके होते, हे मला पुढे कळले. जीएसएलव्हीच्या मधल्या मुख्य टप्प्यात घन इंधन असते आणि त्याला द्रव इंधनाची ४ इंजिने जोडलेली असतात. घन इंधन एकदा पेटले की विझवता येत नाही, द्रव इंजिन मात्र बंद करता येते. पुन्हा सांगतो, घन पेटले की माघार नाही, द्रवाला माघार आहे. म्हणून द्रव इंजिने जवळजवळ ५ सेकंद आधी पेटवून संगणक त्यांचा जोर तपासतो. त्या दिवशी चारांपैकी एकाचा जोर पुरेसा भरला नाही आणि एक सेकंद उरला असताना संगणकाने उड्डाण थांबवले.

तीनच आठवड्यांनी, १८ एप्रिलला, आम्ही पुन्हा तसेच बसलो. या वेळी अग्निबाण वर गेला, आम्ही नाचलो, आजीने सर्वांच्या हातावर साखर ठेवली. आजोबांनी तेवढा हात पुढे केला नाही. "पोचू दे आधी," एवढेच म्हणाले. साधारण १७ मिनिटांनी जीसॅट-१ उपग्रह अग्निबाणापासून सुटा होऊन कक्षेत गेल्याचे सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी तळहात पसरला. वाटीत तोवर चिमूटभरच साखर उरली होती.