चष्म्याचा नंबर नको, आधी पडदा बघा! डोकेदुखी आणि कवटीतलं प्रेशर

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओत मी जाताजाता बोलून गेले की सकाळी उठताना डोकं दुखतंय आणि वर ओकारी होतेय, तर डोक्यात ट्यूमर, म्हणजे गाठ, असू शकते, डोळ्याचा पडदा तपासून घ्या. झालं! "ताई, ट्यूमर डोक्यात, मग डोळ्याचा काय संबंध?" हा प्रश्न अजून येतोय. निपाणीच्या एका दादांनी तर सरळ लिहिलंय, "चष्मेवाल्यांचा धंदा." धंदा आहेच की दादा, बेळगावात डोळे तपासूनच माझं घर चालतं. मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. पण संबंध आहे, आणि चांगलाच आहे.

शाळेतलं पटकन उरकते. मोठ्या माणसाची कवटी ताणत नाही. आत मेंदू साधारण ८० टक्के, बाकी रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. पाणी एका वेळी १५० मिलीच्या आसपास, पण रोज जवळपास ५०० मिली नवं तयार होतं आणि जुनं रक्तात शोषलं जातं. दार लावलेली, खच्चून भरलेली खानापूर गाडी समजा. अजून एक माणूस घुसवायचा तर कुणीतरी उतरायला पाहिजे. गाठ वाढायला लागली की आधी पाणी आणि रक्त जागा करून देतात, म्हणून बरेच दिवस काही कळत नाही. ती सोय संपली की प्रेशर भराभर चढतं. आणि हे बीपी नव्हे हं. आडव्या माणसाच्या कवटीत साधारण ७ ते १५ मिलिमीटर (पाऱ्याचं माप) असतं. दंडाला पट्टा बांधून ते कळत नाही, त्यामुळं "माझं बीपी नॉर्मल आलंय" हे उत्तर इथं कामाचं नाही.

आता डोळा. डोळ्याची नस मेंदूची आवरणं आणि ते पाणी अंगाभोवती घेऊनच डोळ्यापर्यंत येते. आतलं प्रेशर वाढलं की पडद्यावर दिसणारं नसेचं तोंड सुजतं. निरोगी नसेची कड आखल्यासारखी दिसते. सुजली की कड पुसट, शिरा फुगलेल्या, कधी बाजूला रक्ताचे बारीक फराटे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं डोळ्यात आत बघायचं उपकरण १८५१ मध्ये जगापुढं मांडलं. रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला १९७१ मध्ये. मधली एकशेवीस वर्षं डॉक्टर हीच सूज बघून गाठीचा संशय घेत होते.

आणि नेमकं तेच आमची माणसं बघू देत नाहीत! "थेंब नको ताई, गाडीवर आलोय, अंधार पडायच्या आत गावाला पोचायचंय." अहो, थेंबानं बाहुली मोठी होते, अर्ध्या तासात आतलं नीट दिसतं. पुढं काही तास जवळचं अंधुक आणि उन्हाचा त्रास. एवढंच.

दुसरे येतात ते "कॉम्प्युटरवर तपासलंय" म्हणत. ते मशीन नंबर काढतं. नंबर! नसेचं त्याला काही कळत नाही. सुरुवातीला नस सुजलेली असतानाही माणूस शेवटची ओळ घडाघडा वाचतो. वडगावची एक मुलगी आली होती, कॉलेजातली. डोकं दुखतंय म्हणून चष्मा बदलून झाला होता, काचा नव्या कोऱ्या. सहज विचारलं, वाकून उठल्यावर काय होतं? म्हणाली, "दोन-चार सेकंद सगळं काळं होतंय की, लाईट गेल्यासारखं." थेंब घातले, दोन्ही नसा सुजलेल्या. एमआरआयमध्ये गाठ नाही, शिरा मोकळ्या, पण पाठीतून पाणी काढताना प्रेशर मोजलं ते भलतंच वाढलेलं. गाठ नसताना प्रेशर वाढायचा हा आजार जास्त करून वजन वाढलेल्या तरुण बायकांत दिसतो. मुरुमांसाठीच्या डॉक्सीसायक्लिनसारख्या गोळ्या किंवा व्हिटॅमिन ए जादा झालं तरी होऊ शकतो. गाठ नाही म्हणून हसू नका, यात नजर कायमची जाते. औषध असतं, वजन उतरवावं लागतं, आणि नस पुन्हापुन्हा तपासावी लागते. परत थेंब!

तिसरं, डॉक्टरांच्या बाजूनं. पाठीतून पाणी काढायच्या आधी ते पडदा आणि स्कॅन बघतात. आत मोठी गाठ असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकायची भीती असते. आणि उलटंही लक्षात ठेवा, नस साफ दिसली म्हणजे गाठ नाहीच, असं नव्हे. सूज यायला वेळ लागतो.

"गाठच असणार" म्हणणाऱ्यांसाठी बाकीची कारणं. रक्तस्राव, पाणी साचणं, पू, टीबी. आणि डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात येणाऱ्या फीतकृमीची अंडी. इथं लगेच, "आम्ही शुद्ध शाकाहारी." मान्य, पण अंडी मांसातून येत नाहीत. ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या विष्ठेतून माती, पाणी, न धुतलेली भाजी आणि हात असा त्यांचा रस्ता. आपल्या भागातून गोव्याला गाड्या भरून भाजी जाते, कोबी-कोथिंबीर आपणही कच्ची खातो. धुऊन खा.

दुसरं कारण बाळंतिणीचं. "वारं लागलं" म्हणत डोक्याला फडकं बांधायचं आणि पाणी मोजून द्यायचं, हे माझ्या डोळ्यासमोर आजही चालतं. बाळंतपणानंतर रक्त गोठायचा धोका आधीच वाढलेला असतो, त्यात पाणी तोडायचं! मेंदूतून रक्त परत नेणारी शीर बंद पडली की प्रेशर वाढतं. बाळंतिणीचं डोकं दिवसेंदिवस जास्त दुखतंय, ओकारी आहे, झटका आला, तर काढा नाही, दवाखाना. आजीबाई रागावल्या तर माझं नाव सांगा.

बहुतेक डोकेदुखी यातली नसतेच, अर्धशिशी किंवा ताण असतो. पहाटे जागं करणारी, खोकताना-वाकताना वाढणारी, सोबत ओकारी, लांबचं दोन-दोन दिसणं, अशी असेल तर पडदा दाखवा. पण माणूस गुंगीत जातोय, एक बाजू लुळी पडलीय, फिट आलीय किंवा एकदम कधी नव्हे इतकं डोकं फुटतंय, तर आमच्याकडं येऊच नका. बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर, जिथं मेंदूचे सर्जन जवळ पडतील तिथं थेट गाठा.

राहिला चिकोडीच्या वैनींचा प्रश्न, थेंबानं डोळा खराब होतो का. सहसा होत नाही. पण काही जणांच्या डोळ्यात आतली जागा अरुंद असते, त्यांना थेंबानं काचबिंदूचा अटॅक येऊ शकतो, म्हणून आम्ही आधी टॉर्च लावून बघतो. घरात कुणाला काचबिंदू असेल तर आल्याआल्या सांगा. आणि येताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या, काळा गॉगल आणा.