परसातल्या कोंबड्या

श्रोतेहो, नमस्कार.

आज परसातल्या कोंबड्यांविषयी बोलू. शेडमधल्या हजार पक्ष्यांचं गणित वेगळं, तिथं हिशेबाची वही लागते. मी म्हणतेय त्या घरामागच्या खुराड्यातल्या चार-पाच माद्या, एखादा नर आणि शेजारी भाजीचे दोन वाफे. नर नसला तरी चालतं, बरं का. कोंबडा नसेल तर कोंबडी अंडी देईल का, असं कितीतरी जण विचारतात. देते. फक्त त्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत. कोंबडा हवा तो पिल्लांसाठी, आणि शेजाऱ्यांना पहाटे उठवायला.

गिरिराज, वनराज या सुधारित जाती अंडी जास्त देतात. पण आपली गावरान दहा-बारा अंडी घालते आणि खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला बसते. मग तुम्ही काहीही करा, ती हलत नाही. आणि हो, तांबूस सालीचं अंडं म्हणजे गावरान, हे डोक्यातून काढा. सालीचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. शहरात तांबूस अंड्याला दुप्पट पैसे मोजणारी माणसं भाजीवालीशी मात्र कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडतात. असो.

तर खुडूक कोंबडी. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, लोणंदच्या बाजूला. शेजारी आक्का राहायच्या. पक्क्या माळकरी. अंडं हा शब्दसुद्धा तोंडातून काढायच्या नाहीत, ‘तुमचं ते’ म्हणायच्या. आमच्या कोंबड्या त्यांच्या परसात शिरल्या की आक्का खडा घेऊन मागं लागायच्या, आणि इकडून सासूबाई ओरडायच्या, ‘लागंल की तिला!’ हे रोजचंच.

एकदा उन्हाळा सरता सरता आमची एक तांबडी अंडी देईनाशी झाली. सासूबाईंनी मुंगसाला शिव्या घातल्या. मग एक दिवस आक्का कुंपणाशी येऊन उभ्या. म्हणाल्या, ‘अगं ए, तुझी लेक बाळंतपणाला आमच्याकडं आलीया.’

आक्कांच्या सोप्यात कोपऱ्यात एक हारा, म्हणजे मोठी टोपली, असायचा. त्यात वारीचं सामान: पताका, पडशी, आणि वर घडी घातलेली वाकळ. त्या वाकळेवर तांबडी बसलेली, पिसं फुलवून. खाली अंडी. माळकऱ्याच्या घरात, वारीच्या वाकळेवर!

सासूबाई वरमल्या. म्हणाल्या, ‘रातच्याला उचलून नेते.’ बरोबरच होतं ते. खुडूक कोंबडी हलवायची तर अंधारात. दिवसा हलवली तर ती अंडी सोडते. पण आक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘बसलेल्या बाळंतिणीला उठवत्यात व्हय? राहू दे तिला. मी हात लावनार न्हाई, तू बी लावायचा न्हाई.’

अंड्यातून पिल्लू निघायला एकवीस दिवस. आक्कांनी बोटं मोजली, तर ते दिवस भरत होते नेमके माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते त्या सुमाराला. आक्का दरवर्षी लोणंदलाच दिंडीत शिरायच्या. आणि वाकळ तर कोंबडीखाली.

मग त्यांनी बाळंतपण मनावर घेतलं. दिवसातून एकदा तांबडी उठायची, खायची, पाणी प्यायची, घाण करायची आणि पुन्हा अंड्यांवर. तेवढ्या वेळात आक्का हाऱ्याच्या कडेनं चुलीची राख भुरभुरायच्या, म्हणजे उवा होत नाहीत. ज्वारीची कणी पुढ्यात ठेवायच्या. आमचा मोती सोप्याकडं नुसता बघायला लागला तरी काठी उगारायच्या. आणि तोंडानं रोज चालू, ‘कुठलं पाप म्हणून ही माझ्या नशिबी आली!’

पालखी लोणंदला आली. आक्का गेल्या नाहीत. दिंडीवाले बोलवायला आले तर त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, ‘घरात अडचन हाय, फुडं गाठते.’ कसली अडचण ते काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सोप्यातून चिवचिव ऐकू आली. नऊ पिल्लं. आक्कांनी वाकळ झटकली, धुतली, अर्धी ओलीच पिशवीत कोंबली आणि पालखी गाठली थेट फलटणला.

जाताना सासूबाईंना बजावलं, ‘माझ्या घरात जन्मल्यात. यातलं एक बी कापायचं न्हाई.’ सासूबाई म्हणाल्या, ‘मग कोंबडं काय कीर्तनाला बसवू?’ शेवटी तोड निघाली. माद्या ठेवायच्या, आणि नर कुणाला तरी पाळायला द्यायचे. ते पुढं काय करतात ते विचारायचं नाही.

त्यानंतर आक्कांचा खडा सुटला तो सुटलाच. कोंबड्या त्यांच्या परसात राजरोस फिरायला लागल्या आणि फायदा झाला तो त्यांच्याच वांग्यांना. वळवाच्या पावसानंतर आक्का वाफा खणायच्या, तेव्हा कुदळीच्या मागोमाग कोंबड्या. माती उलटली की हुमणीची पांढरी अळी वर येते. ती दिसते न दिसते तोच गट्टम. वाळवी, सुरवंट, गोठ्यातली गोचीड, सगळं चालतं त्यांना. गांडूळही खातात, ते मात्र आपलं नुकसान.

आता एक लक्षात ठेवा. कोंबड्या बागेत सोडायच्या त्या दिवस मावळायच्या आधी तासभर. दिवसभर नाही, तासभर. तेवढ्यात किडे टिपतात आणि अंधार पडला की आपोआप खुराड्यात येतात. दिवसभर सोडल्या तर मेथीचा वाफा उकरून धुळीची अंघोळ करतील. कोवळी रोपं असतील तर जुनं जाळं टाका, काट्या रोवा. हल्ली लोक परसात सगळीकडं फरशा बसवतात आणि मग कुंड्यांसाठी खत विकत आणतात, त्यांना मी काय सांगणार.

खताचं सांगायचं राहिलं. कोंबडीखत तापट असतं. ताजं झाडाच्या मुळाशी घालू नका. पुन्हा सांगते, ताजं घालू नका, मुळं करपतात. खुराड्यात भुसा किंवा पाचट अंथरा, ते घाण झालं की काढून पालापाचोळ्यासोबत खड्ड्यात टाका आणि दोन-चार महिने कुजू द्या. मग पपईला घाला, शेवग्याला घाला, लिंबाला घाला. अंड्यांची टरफलं चुरून कोंबड्यांनाच द्या, त्यांच्या पुढच्या अंड्यांची साल टणक होते.

वेळ संपत आलीय. पिल्लं पहिल्या आठवड्याची असताना मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबानं द्यायची असते. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा आणि शेजाऱ्यांनाही घेऊन जा, कारण लशीची एक कुपी फोडली की ती शंभराच्या वर पिल्लांना पुरते आणि उरलेली ठेवता येत नाही. नमस्कार.