दारं धरायला जाताना कोणती बॅटरी?

मंडळी, बोलायला उभा राहिलो तेव्हाच ही बॅटरी पूर्ण जोरात लावली आणि तोंड छताकडे करून टेबलावर ठेवली. तिच्याकडे मागाहून येतो. 'विजेरी' हा शब्द पुस्तकातला. आपण बॅटरीच म्हणू, आणि तिच्या आत घालतो तो सेल.

शेतीपंपाची लाईट आपल्याकडे आळीपाळीने येते, दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास. रात्रपाळी आली की दहा तास अंधारात दारं धरायची, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत राहायचं. तरी दुकानात आपण काय विचारतो? "किती लांब जाते?" टिकते किती, हे कोणी विचारत नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरात लुमेन छापलेले असतात. बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड म्हणजे लुमेन. पण डोळा लबाड आहे. उजेड दुप्पट वाटावा तर तो खरोखर चौपटीच्या आसपास करावा लागतो, आणि सेल मात्र चौपटीचा हिशेब चोख वसूल करतो.

हा सेल बघा, 18650. 18 मिलिमीटर जाड, 65 लांब, म्हणून हे नाव. यावर 2600 एमएएच लिहिलंय, म्हणजे मिलिअँपिअर-तास, सेलच्या साठवणीचं माप. त्याला 3.6 व्होल्टने गुणलं की साधारण 9.4 वॉट-तास येतात. चांगली एलईडी बॅटरी एका वॉटमागे शंभरेक लुमेन देते (जुना तारेचा बल्ब दहा-पंधरावर थांबायचा). म्हणजे आपल्या हौदात सगळं मिळून 940 लुमेन-तास. हजार लुमेनने उपसा, तासाच्या आत हौद कोरडा. नव्वदने उपसा, रात्रपाळी निघते. पायाखालचं बघायला नव्वद भरपूर झाले.

मग 9900 लिहिलेले सेल? मीही घेतला होता एक, स्वस्तात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर 28 ग्रॅम! चांगला सेल 45 च्या आसपास भरतो. या मापाचा उत्तम सेलसुद्धा साडेतीन-चार हजारांपुढे जात नाही.

खोक्यावरचे तासही नीट वाचा. एएनएसआय एफएल-1 नावाचं बॅटऱ्या मोजायचं अमेरिकी मानक आहे, 2009 पासूनचं. त्यात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरतात. पाचशे लुमेन, दहा तास असं लिहिलेली बॅटरी शेवटी पन्नासावर आलेली असू शकते, आणि तरीही खोकं खोटं ठरत नाही.

आता ही टेबलावरची. हात लावा... चटका बसला ना? तापली की ती स्वतःच उजेड कमी करते. मघाशीच केला तिने, इथे कोणाच्या लक्षात आलं?

लांब जाण्याचं माप वेगळं, कँडेला, म्हणजे एका दिशेने झोत किती तीव्र ते. दहा हजार कँडेलाचा झोत दोनशे मीटर जातो म्हणतात, पण तिथे पडतो तो पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच उजेड. लांबवरची मोटर बघायला असला झोत ठीक. बांधावरून चालताना मात्र पसरट उजेड हवा, कारण झोताच्या कडेला बसलेलं फुरसं झोतात दिसत नाही.

मागून विचारतायत, डोक्याला बांधायची कशी? मी तीच वापरतो. दोन्ही हात खोऱ्याला मोकळे राहतात. जादा सेल न्या, पण तसाच खिशात टाकू नका. किल्ल्या किंवा सुटे पैसे दोन्ही टोकांना टेकले की खिशातच शॉर्ट होतो. प्लॅस्टिकची डबी मिळते, तिच्यात ठेवा.