1830 : गाडी भंगारात निघते तेव्हा

(दृश्य: टेबलावर षटकोनी घरांचा पट, बाजूला शेअर बाजाराचा तक्ता, पोकर चिप्सच्या चळती)

हा नकाशा अमेरिकेच्या ईशान्य भागाचा आहे. वरच्या बाजूला कॅनडा, उजवीकडे बॉस्टन, खाली बॉल्टिमोर. खेळाचं नाव '1830'; हा रेल्वे कंपन्यांचे शेअर घेऊन त्या चालवायचा बोर्ड गेम. रचनाकार फ्रान्सिस ट्रेशम, प्रकाशन 1986 मधलं. बॉल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला टप्पा 1830 सालीच सुरू झाला होता. ट्रेशम यांच्याच '1853' या खेळाचा नकाशा आपल्या हिंदुस्थानचा आहे, आणि ते साल बोरीबंदर ते ठाणे गाडीचं, हे वेगळं सांगायला नको.

बँकेत 12,000 डॉलर. चार जण खेळत असतील तर प्रत्येकाच्या हातात 600. कागदी नोटा मोजण्यात फार वेळ जातो, म्हणून सरावलेले खेळाडू पोकर चिप्स वापरतात. तरीही पाच-सहा तास धरूनच बसावं.

कंपन्या आठ. कंपनीच्या शेअरचा पहिला भाव तिचा अध्यक्ष, म्हणजे सर्वात जास्त शेअर धरणारा खेळाडू, ठरवतो, 67 ते 100 डॉलरच्या दरम्यान. साठ टक्के, म्हणजे दहापैकी सहा, शेअर विकले गेले की कंपनी सुरू होते आणि तिच्या तिजोरीत भावाच्या दहापट रक्कम येते. 67 भाव ठेवला तर 402 डॉलरमध्ये कंपनी उभी राहते, पण तिजोरीत 670च येतात. नवखा खेळाडू स्वस्त म्हणून 67 निवडतो आणि पुढे गाडी घ्यायची वेळ आली की अडकतो.

(दृश्य: गाड्यांच्या पत्त्यांची गड्डी)

अख्खा डाव या गड्डीवर चालतो. '2' नंबरच्या सहा गाड्या, प्रत्येकी 80 डॉलर. '3'च्या पाच, 180 ला. '4'च्या चार, 300 ला. '5'च्या तीन, 450 ला. '6'च्या दोनच, 630 ला. शेवटी डिझेल, 1,100. एक प्रकार संपल्याशिवाय पुढचा मिळत नाही; डिझेल मात्र पहिली '6' विकली गेली की लगेच मिळतं. पहिली '4' विकली गेली की पटावरच्या सगळ्या '2' त्याच क्षणी भंगारात. पहिल्या '6'ने '3' जातात, पहिल्या डिझेलने '4'. भरपाई कोणालाच नाही.

म्हणून जाणकार आपल्या गाडीपेक्षा गड्डीकडे जास्त बघतात. गड्डीत अजून किती गाड्या आहेत, आणि कोणाच्या तिजोरीत किती पैसे आहेत?

हा प्रसंग जवळून बघा. एरी कंपनीकडे दोन '3' गाड्या, तिजोरीत 170 डॉलर. दर फेरीला सगळा लाभांश वाटला, भाव छान चढला. तेवढ्यात समोरच्याने पहिली '6' उचलली. एरीकडे आता एकही गाडी नाही, आणि मार्ग असलेल्या कंपनीकडे गाडी असलीच पाहिजे, असा नियम आहे. उरलेली '6' 630 ला. 170 वजा जाता 460 अध्यक्षाच्या खिशातून. त्याच्याकडे रोख 90 आहेत. मग न्यूयॉर्क सेंट्रलचे चार शेअर शंभराच्या भावाने विकावे लागतात, आणि विकलेल्या प्रत्येक शेअरमागे त्या कंपनीचा भाव एक घर खाली येतो. समोरच्याने दोन्ही '6' उचलल्या असत्या तर डिझेल घ्यावं लागलं असतं, म्हणजे खिशातून 930. तेवढे उभे राहिले नाहीत तर अध्यक्षाचं दिवाळं वाजतं आणि डाव तिथेच संपतो.

यातून सुटायची वाट आधीच शोधावी लागते. काही जण आपल्या जुन्या कंपनीची चांगली गाडी आपल्याच दुसऱ्या कंपनीला एका डॉलरला विकतात. कायदेशीर आहे, दोन्हींचा अध्यक्ष तोच. मग पुढच्या शेअर फेरीत रिकाम्या कंपनीच्या आपल्या साठ टक्के शेअरपैकी पन्नास टक्के एकदम विकून फक्त दहा टक्के ठेवायचे. वीस टक्के धरून बसलेला खेळाडू आपोआप अध्यक्ष होतो, आणि गाडी घ्यायची जबाबदारी त्याच्या गळ्यात. बँकेच्या साठ्यात एका कंपनीचे पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त शेअर मावत नाहीत, हे मात्र आधी तपासायचं. साठ्यात एक जरी शेअर पडलेला असेल तर हे गणित फसतं. दुसऱ्याच्या कंपनीत दोन शेअर घेण्याआधी तिच्या गाड्या बघाव्यात, त्या याचसाठी.

दिवाळं निघालं नाही तर बँक रिकामी होईपर्यंत खेळ चालतो. कंपन्या चालवायच्या फेऱ्यांचा चालू संच पूर्ण करायचा, मग हातातली रोकड आणि शेअरचा भाव मिळून बेरीज करायची. कंपन्यांच्या तिजोरीत उरलेले डॉलर कोणाच्याच बेरजेत धरत नाहीत.