तीर्थनच्या काठी आठ दिवस

श्रोतेहो, नमस्कार. मे महिन्यात हिमाचलला जाणारी आपली मराठी मंडळी साधारण एकाच चाकोरीतून फिरतात. शिमला दोन रात्री, मनाली तीन रात्री, मधले दोन दिवस गाडीत, आणि घरी आल्यावर पाठीला शेक. आज जरा वेगळा बेत सांगतो. एकच गाव, एकच खोली, समोर नदी आणि आठ दिवस मुक्काम. गाव कुलू जिल्ह्यातलं, बंजार तालुक्यातलं गुशैणी. नदीचं नाव तीर्थन.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. दिल्लीहून किंवा चंदीगडहून मनालीकडे जाणारी बस मंडी ओलांडून बियास नदीच्या कडेनं वर चढते. कुलूच्या अलीकडे औट नावाचा थांबा लागतो. तिथं उतरायचं. औटला सुमारे तीन किलोमीटरचा बोगदा आहे आणि आपला फाटा बोगद्याच्या अलीकडे आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. रात्रीची बस इथं पहाटे पोचते, प्रवासी झोपेत असतात, आणि जाग येते ती बोगद्याच्या पलीकडे. म्हणून बसमध्ये चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवा आणि फोनवर गजर लावा. औटहून लारजीमार्गे बंजार साधारण पंचवीस किलोमीटर, आणि बंजारहून गुशैणी आणखी दहा. हिमाचल परिवहनच्या बस आहेत, पण संध्याकाळी लवकर बंद होतात. त्यामुळे औटला सकाळी पोचणं बरं. सामान जास्त असेल तर सरळ टॅक्सी करा.

उंचीचा अंदाज हवा असेल तर बंजार जवळजवळ आपल्या महाबळेश्वरच्या उंचीवर आहे, साडेतेराशे मीटरच्या आसपास. गुशैणी त्याहून वर, पण कळसूबाईच्या माथ्याहून खालीच. म्हणजे विरळ हवेचा त्रास इथं होत नाही. त्रास होतो तो वळणांचा. ज्यांना गाडी लागते त्यांनी औटला भरपेट पराठे खाऊ नयेत. उलटीची गोळी घेत असाल तर घाट सुरू होण्याआधी निदान अर्धा-पाऊण तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. बंजार सोडण्यापूर्वी तीन कामं करा. एटीएममधून रोकड काढा, नेहमीची औषधं घ्या आणि सरकारी दवाखाना कुठे आहे ते बघून ठेवा. पुढे खोऱ्यात दुकानं आहेत, पण बिस्किटं, मॅगी आणि रिचार्ज यांपलीकडे फार भरवसा ठेवू नये.

आता खोलीबद्दल. इथं थोडं थांबून बोलायला हवं, कारण आठ दिवसांचं सुख त्यावर अवलंबून आहे. जाहिरातीत 'नदीला लागून' असं मोठ्या अक्षरांत असतं आणि आपण भुलतो. नदीला अगदी लागून असलेल्या खोलीत गाद्या ओलसर राहतात, धुतलेले कपडे दोन दिवस वाळत नाहीत, आणि पाण्याचा आवाज इतका असतो की नवरा-बायकोनं एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागतं. काहींना त्या आवाजात गाढ झोप लागते, काहींना डोळा लागत नाही. तुम्ही कोणत्या जातीचे आहात ते पहिल्या रात्री कळेल, म्हणून पहिल्या रात्रीचेच पैसे आगाऊ द्या. पाण्यापासून दहा-पंधरा मीटर उंचावरची, दुसऱ्या ओळीतली खोली सगळ्यात चांगली. फोनवर मालकाला नेमका प्रश्न विचारा: मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? आणि गेल्यावर स्वतः बघा. काठावरच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा, ओंडके, प्लॅस्टिक ज्या उंचीवर दिसतं, ती पुराची रेघ. त्या रेघेखाली मुक्काम नको, मग खोली कितीही सुंदर असो. पाच रात्रींहून जास्त राहणार असाल तर दर कमी करून मागा, बहुतेक ठिकाणी मिळतो. काही घरं नदीपलीकडे आहेत आणि तिथं तारेवरच्या पाळण्यात बसून जावं लागतं. मौज आहे, पण म्हाताऱ्या आई-वडिलांना आणि चाळीस किलोच्या सुटकेसला ती मौज वाटत नाही. विचारून घ्या.

आता नदी. तीर्थन बर्फाच्या आणि झऱ्यांच्या पाण्यावर वाहते. उगम ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये, हंसकुंडाकडे. या नदीच्या खोऱ्यात वीजप्रकल्पांना सरकारनं बंदी घातली आहे, म्हणून तिचं पाणी आजही मोकळं धावतं. मे-जूनमध्ये या पाण्याला रोजचं वेळापत्रक असतं. दिवसा उन्हानं वरचा बर्फ वितळतो, ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात, त्यामुळे नदी सकाळी सगळ्यात उतरलेली आणि संध्याकाळी चढलेली असते. खात्री करायची असेल तर सकाळी सातला पाण्याच्या अगदी कडेला ओळखू येईल असा एक दगड ठेवा आणि संध्याकाळी पाचला जाऊन बघा. उन्हाचा दिवस असेल तर दगड बहुधा पाण्याखाली गेलेला असेल. मुलांना हा प्रयोग पहिल्याच दिवशी दाखवा, नंतर सूचनांची पोपटपंची करावी लागत नाही. याचा सरळ अर्थ असा की नदीकाठी खेळायचं, पाय बुडवायचे, ते सकाळी. दुपारी तीननंतर काठावरच्या खडकावर बसा, पण पात्रातल्या खडकावर नको. सकाळी ज्या दगडांवरून उड्या मारत गेलात, ते संध्याकाळी परतीला सापडत नाहीत.

पाण्याचा गारवा हा दुसरा धोका, आणि आपल्याकडच्या पोहणाऱ्यांना तोच कळत नाही. कृष्णेत, विहिरीत पोहलेला माणूस म्हणतो, मला पोहता येतं. पण बर्फाच्या पाण्यात अंग पडलं की पहिल्याच मिनिटात श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. पुढच्या दहाएक मिनिटांत हातापायांतली ताकद जाते. पोहणं येतं, पण हात चालत नाहीत. त्यात दगडांवर शेवाळ. म्हणून नदीत स्लिपर नको, मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट घाला. गुडघ्याच्या वर पाणी असेल आणि ते पळत असेल तर पुढे जाऊ नका. कोणी वाहू लागलं तर त्याच्यामागे उडी मारू नका. एकाचे दोन होतात. पंधरा मीटर दोर जवळ ठेवा आणि तो फेका, मात्र स्वतःच्या कमरेला बांधू नका. वाहणाऱ्यानं उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि वर, म्हणजे खडकावर आधी पाय आपटतात, डोकं नाही. वेगवान पाण्यात उभं राहायची धडपड करू नये. पाऊल दोन दगडांत अडकलं की पाणी माणसाला पुढे ढकलून आडवं पाडतं. बाहेर काढल्यावर ओले कपडे आधी उतरवा, कोरडं पांघरूण गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्या. हातपाय चोळू नका, दारू तर मुळीच पाजू नका.

आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. नदीच्या आवाजात वीस पावलांवरच्या मुलाची हाक ऐकू येत नाही. बागेत आपण पुस्तक वाचत कान मुलांकडे ठेवतो, ते इथं चालत नाही. डोळेच ठेवावे लागतात. मोठ्यांनी पाळी लावून घ्यावी, आणि ज्याची पाळी त्यानं फोन खिशात ठेवावा.

खाली लारजीला तीर्थन आणि सैंज या नद्या बियासला मिळतात आणि तिथं धरण आहे. त्याच्या खालच्या अंगाला, थलौटजवळ, ८ जून २०१४च्या संध्याकाळी हैदराबादचे २४ इंजिनीअरिंगचे विद्यार्थी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. फोटो काढायला ते पात्रात उतरले होते. म्हणून येता-जाता बियासच्या काठी, पाणी कितीही कमी दिसो, पात्रात उतरू नका. कोरडे पांढरे गोटे दिसतात, ते पाण्याच्या वाटेतले असतात.

आता जिभेकडे वळू. स्वयंपाकघर मिळणार असेल तर भाजणी, मेतकूट, पोहे घरून न्या. बाकी सगळं बंजारला मिळतं. या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ-तांदूळ हटून बसतात. राजमा रात्रभर भिजवाच आणि कुकरला घरच्यापेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त द्या. झऱ्याचं पाणी दिसायला काचेसारखं असलं तरी वर गुरं चरतात, हे विसरू नका. पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्या. दोन हजार मीटरच्या वर राहणार असाल तर तीन मिनिटं.

सिड्डू खाल्ल्याशिवाय मात्र परतू नका. कणीक यीस्ट घालून सैलसर मळतात आणि चार-पाच तास उबेला झाकून ठेवतात. आत अक्रोड, खसखस, आलं, मिरची, कोथिंबीर यांचं जाडसर वाटण. करंजीसारखं मिटवून वीस-पंचवीस मिनिटं वाफवतात आणि फोडून त्यावर तूप ओततात. तूप हात राखून घेतलं तर सिड्डू कोरडा लागतो. इथं डाएट बाजूला ठेवा. गंमत अशी की पर्यटक संध्याकाळी सातला सिड्डू मागतात आणि साडेसातला हवा म्हणतात. पीठ फुगायला वेळ लागतो, थंडीत तर आणखी. घाईत केलेला सिड्डू आतून चिवट आणि गोळा होतो. सकाळच्या चहाबरोबरच ऑर्डर द्या.

मासे खाणाऱ्यांसाठी ट्राउट आहे. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुलूच्या नद्यांत हा मासा सोडला आणि थंड, वाहत्या पाण्यात तो रमला. बंजार आणि गुशैणीच्या मध्ये नागिणीला सरकारी ट्राउट केंद्र आहे. गळ टाकायचा असेल तर मत्स्यविभागाचा परवाना लागतो, आणि नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. ताटात येतो तो मासा बहुधा तळ्यात वाढवलेला असतो, आणि ते योग्यच आहे. आपल्या बांगड्या-सुरमईची चव त्यात शोधू नका. मऊ आणि सौम्य मासा आहे, मसाल्यात बुडवला की काहीच उरत नाही. मीठ, लिंबू, थोडी हळद आणि मंद आच एवढ्यावर भागतं.

आठ दिवसांत हिंडायचे दोनच मोठे दिवस ठेवा. एक जलोडी खिंडीचा. खिंड ३१२० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. इथं डोकं जड होऊ शकतं, म्हणून हळू चाला आणि पाणी पीत राहा. खिंडीपासून सेरोलसर तळं सुमारे पाच किलोमीटर, वाट दाट जंगलातून जाते. तळ्याकाठी बूढी नागीणचं देऊळ आहे, तिला तूप वाहतात. सकाळी नऊच्या आत चालायला लागा, कारण मे-जूनमध्ये दुपारी ढग जमतात आणि गडगडाट सुरू होतो. स्वतःची गाडी असेल तर खिंडीच्या वाटेवरच्या शोजा गावाच्या पुढचा चढ फार तीव्र आहे. पाच माणसं आणि सामान भरलेली छोटी गाडी तिथं क्लचचा वास सोडते. दोघांनी खाली उतरून चालावं, यात कमीपणा नाही. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. नुसत्या ब्रेकवर आलात तर ब्रेक तापतात, पेडल मऊ लागतं आणि मग दाबूनही गाडी हवी तिथं थांबत नाही.

दुसरा दिवस नॅशनल पार्कच्या वाटेचा. हे उद्यान २०१४ साली जागतिक वारसा यादीत आलं. गुशैणीहून नदीच्या कडेकडेनं रोल्लापर्यंत नऊ-दहा किलोमीटरची पायवाट आहे. तिथं मुख्य उद्यानाची हद्द सुरू होते आणि पुढे जायला परवाना लागतो. त्याची चौकशी साई रोपाच्या वनकार्यालयात करा, आणि वाटाड्या स्थानिकच घ्या. एका दिवसात रोल्ला गाठून परतणं हे चालण्याची सवय असलेल्यांचं काम. इतरांनी अर्ध्या वाटेवर डबा खाऊन मागे फिरावं. वाट तीच, नदी तीच, काही चुकत नाही.

गावातून जाताना देवळांची शिस्त सांभाळा. इथं गावोगावी देवतेचे नियम वेगळे असतात. कुठं चामड्याचा पट्टा चालत नाही, कुठं ओट्यावर चढायला मनाई असते. चैहणीचा लाकूड-दगडाचा उंच बुरूज बघायला जाल तेव्हा वर चढायचा हट्ट धरू नका, बाहेरून बघा. तुळई आणि दगड यांचे एकाआड एक थर, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही, आणि तरी १९०५च्या कांगडा भूकंपानंतरही तो उभा आहे. कोपऱ्यावर तुळया एकमेकींत कशा गुंतवल्या आहेत ते जवळ जाऊन बघण्यासारखं आहे.

परतीचं तिकीट २० जूनच्या आतलं काढा. महिनाअखेरीला पाऊस येतो आणि मग दरडी कोसळतात. जुलै २०२३मध्ये बियास आणि सैंजच्या पुरानं या भागातले रस्ते आणि बाजार धुऊन नेले. जूनमध्येसुद्धा विमानाच्या किंवा रेल्वेच्या आदला एक दिवस मोकळा ठेवा. जूनच्या मध्याला बाजारात आलुबुखार आणि जर्दाळू येतात. घरी न्यायचे असतील तर टणक, जरा आंबट असतानाच घ्या आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात दोनच थर लावा. तिसरा थर लावलात की पुण्याला पोचेपर्यंत खालच्याचा मुरांबा झालेला असतो.